कान लागला

"गप. कान लागलाय तिचा."

अब्बांनी बोट ओठांवर ठेवलं. दुसऱ्या हातातली कानस तशीच हवेत राहिली. मी चहा घेऊन दारातच थबकले. अब्बांच्या मांडीवर आडवी सतार होती आणि सतारीच्या पलीकडं माझी सहा वर्षांची तमन्ना, हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट घेऊन. डोळे समोरच्या भिंतीवर, पण भिंत काही ती बघत नव्हती. पापण्या बारीक फडफडत होत्या आणि ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. ईदचा चांदसुद्धा माणूस बघत नाही इतक्या आशेनं अब्बा तिच्या तोंडाकडं बघत होते. मग तिनं डोळे मिचकावले आणि बिस्किटाचा पुढचा घास घेतला.

"झालं," अब्बा म्हणाले. "जवारी लागली." कानस खाली ठेवून त्यांनी चहासाठी हात पुढं केला.

अब्बा म्हणजे माझे सासरे, इमामसाहेब. ते मिरजेत सतारी करत. पोकळ भोपळा आणण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सगळं काम त्यांना यायचं, पण नाव झालं होतं ते जवारीसाठी. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा घासून असा करायचा, की तार छेडल्यावर नुसती टणकन वाजू नये. तिच्या आवाजाला धार यावी आणि तो लांबपर्यंत झरत जावा. त्याला जवारी म्हणतात. तिथं पट्टी चालत नाही की माप चालत नाही. घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. केसभर जास्त गेलं की घोडी बाद. कुठं थांबायचं ते कानानं सांगायचं. आमच्या घरात त्यासाठी एक शब्द होता. दमलेल्या माणसाचा डोळा लागतो, तसा कारागिराचा कान लागतो. कान लागला की त्याला बाकी कशाचं भान राहत नाही आणि हात आपोआप थांबतो.

अब्बांचे वडील असे होते म्हणे. दारावरून बँड वाजवत वरात गेली तरी त्यांची मान वर व्हायची नाही. अब्बांचाही कान तसाच. पण त्यांना मुलगा एकच, माझे मिस्टर जमीर, आणि त्यांचा या बाबतीत आनंदच होता. "याला षड्ज कुठला नि टेम्पोचा हॉर्न कुठला, कळत न्हाई," असं अब्बा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. जमीर हसायचे आणि कुपवाडला ड्युटीवर निघून जायचे. म्हणजे हा कान अब्बांबरोबरच जायचा होता. आणि अशात तमन्ना पहिलीत गेली त्या वर्षी, एका दुपारी अब्बा तार छेडत असताना, ती खेळता खेळता थांबली आणि भिंतीकडं बघत राहिली. अब्बांनी त्या दिवशी गल्लीत घरोघर बर्फी वाटली. बारशालासुद्धा वाटली नव्हती एवढी.

घरात आणखी एक गोष्ट होती, जी फक्त मला माहीत होती. अब्बांना ऐकू कमी यायला लागलं होतं. चहापाणी देणारीपासून असलं काही लपत नाही. मी म्हणायची, "अब्बा, दूध उतू गेलं." ते विचारायचे, "कोण आलंय?" मी हसण्यावारी न्यायची आणि तेही न्यायचे. पण पुढच्या खोलीत बसले की ते आता सतारीकडं कमी आणि तमन्नाच्या तोंडाकडं जास्त बघत. तिची नजर खिळली की त्यांची कानस थांबायची. स्वतःचा कान जात होता तो त्यांनी नातीच्या ठिकाणी ठेवला होता, आणि त्यात त्यांना केवढं समाधान होतं. मीसुद्धा खूश होते. पोरीचं कौतुक कोणत्या आईला नको असतं?

पण तिचं तेच तोंड मला सतार नसतानाही दिसायला लागलं. डाळ निवडताना दिसलं, जिन्यावर चपला घालताना दिसलं. एकदा मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, "अम्मी, बाईंनी आज..." आणि गप्प झाली. मी पुढं वाकून बघितलं तर डोळे उघडे, ओठ चघळल्यासारखे हलतायत, हाक मारली तर ओ नाही. मग एकदम "...ससा काढून दाखवला," असं म्हणून वाक्य पुरं केलं, मधे काही झालंच नाही अशा थाटात. शाळेतल्या बाईंनीही मला बोलावून घेतलं. तमन्ना पाढे म्हणताना मधेच थांबते, छडी आपटली तरी हलत नाही, आणि नंतर विचारलं तर मी थांबलेच नाही म्हणते. पोरगी हुशार आहे पण नाटकी आहे, असं त्यांचं मत पडलं.

घरी येऊन मी अब्बांना हे सांगितलं. ते हसले. म्हणाले, शाळेत पितळेची घंटा असते, तिचा नाद किती वेळ हवेत राहतो ते त्या बाईला काय ठाऊक.

"आणि डाळ निवडताना, अब्बा? तेव्हा कुठली घंटा?"

"वाजत असंल कुठंतरी. तुला ऐकू येत न्हाई म्हणून वाजत न्हाई व्हय?"

मला बोलण्यात गप्प करणारे त्या घरात ते एकटेच होते.

त्याच सुमारास धारवाडचे एक वादक आले. अब्बांचं जुनं गिऱ्हाईक. अब्बांनी केलेली नवी सतार ते परत घेऊन आले होते. फार अदबीनं, चाचरत म्हणाले, की जवारी काही बसलेली वाटत नाही, आवाज कोंडतोय. अब्बांनी त्यांना, जवारी बसलीय, तुमचा हात बसलेला नाही, असं तोंडावर सुनावलं. बिचारे सतार ठेवून गेले. ते गेल्यावर अब्बांनी तमन्नाला हाक मारून समोर बसवलं आणि तीच सतार छेडत राहिले. ती कंटाळली, पायाशी चाळा करत बसली, आणि बऱ्याच वेळानं तिची नजर खिळली. "बघ," अब्बा मला म्हणाले. त्यांना केवढा धीर आला होता ते मला दिसत होतं, म्हणून मी हो म्हटलं.

मग तो रस्त्याचा प्रकार झाला. शाळा सुटल्यावर मी तिला घेऊन घरी येत होते. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. पलीकडं बर्फाच्या गोळ्याची गाडी दिसली आणि ती माझा पदर सोडून पळाली. रस्त्याच्या मधोमध गेली आणि उभी राहिली. दुधाचा टेम्पो येत होता. त्यानं हॉर्न दिला, परत दिला, मग हॉर्नवरचा हात उचललाच नाही. तमन्ना समोर बघत होती. टेम्पो ब्रेक दाबत दाबत तिच्या फ्रॉकला टेकला आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरून मला नको नको ते बोलायला लागला. तोवर तमन्ना शांतपणे गोळेवाल्यापाशी गेली होती आणि काला खट्टा मागत होती.

मी तिथंच फुटपाथवर बसले. तिला जवळ ओढून विचारलं, "हॉर्न ऐकला नाहीस?"

"कुठला हॉर्न?" ती म्हणाली.

गल्लीभर जिच्या कानाचे गोडवे गायले जात होते, तिला अंगाला टेकलेल्या टेम्पोचा हॉर्न ऐकू आला नव्हता. त्या फुटपाथवर मला पक्कं कळलं, की माझी पोर त्या वेळी काही ऐकत बिकत नसते. तिला काहीतरी होतंय.

संध्याकाळी जमीर आल्यावर मी विषय काढला, की उद्या हिला दवाखान्यात न्यायचं. हे मला फिटसारखं काहीतरी वाटतंय, असंही म्हणाले. जमीरना पटेना. त्यांच्या एका दोस्ताला फिट यायची, तो धाडकन पडायचा, तोंडाला फेस यायचा. ही कुठं पडते? वर मुलीच्या जातीला, एकदा तो शिक्का बसला की पुढं कोण करून घेणार, हेही झालंच.

"टेम्पोचा ब्रेक लागला नसता तर कुणाचं लग्न करणार होता?" मी म्हणाले. असं मी एरवी त्यांना बोलत नाही.

अब्बा पलीकडं कोपऱ्यात होते. एवढं सगळं त्यांनी कितपत ऐकलं कोण जाणे, पण 'फिट' त्यांच्या कानावर बरोबर पडलं असावं. माझा अंदाज होता की ते भडकणार. ते भडकले नाहीत.

"न्या की," ते म्हणाले. "मी बी येतो. डॉक्टरला बी कळू दे, कान कशाला म्हणत्यात ते."

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. एकानं सांगितल्यावरून आम्ही लहान मुलांच्या डॉक्टर हेरवाडकरबाईंकडं गेलो. अब्बांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता, काळी टोपी घातली होती आणि अत्तरही लावलं होतं. नातीला कुणी बक्षीस देणार असल्यासारखे ते खुर्चीत ताठ बसले आणि बाईंना सगळं सांगायला लागले. जवारी म्हणजे काय, त्यांचे वडील कोण, कान कसा लागतो, पोरीला ही देणगी कशी उतरली. बाई घाईत असणार, बाहेर एवढी गर्दी होती. पण त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मग मला विचारायला लागल्या. किती वेळ असं होतं? दिवसातून एकदा की पुष्कळदा? हात लावला तर भानावर येते का? बोलता बोलता थांबते का? झालेलं तिला नंतर आठवतं का? कधी पडली, अंग ताठ झालं, झोपेत काही झालं? मी मला दिसलं ते सगळं सांगितलं. वेणीचं, डाळीचं, टेम्पोचं. अब्बा माझ्याकडं बघत राहिले. यातलं निम्मं त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं, कारण ते ऐकूनच घेत नसत.

बाईंनी टेबलाच्या खणातून कागदाचं भिरभिरं काढलं आणि डोक्यावरचा पंखा बंद केला. तमन्नाला म्हणाल्या, मोठा मोठा श्वास घे आणि हे फुंकरीनं फिरव, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. तमन्नाची चंगळच झाली. गाल फुगवून ती फुंकत होती आणि भिरभिरं फिरत होतं. बराच वेळ तसंच चाललं. मग भिरभिरं मंदावलं आणि थांबलं.

तमन्नाचे डोळे समोर लागले होते. पापण्या फडफडत होत्या.

अब्बांनी सवयीनं बोट ओठांवर ठेवलं.

डॉक्टरबाई पुढं वाकल्या. "तमन्ना," त्या म्हणाल्या. "तमन्ना, एक शब्द लक्षात ठेव. गुलाब. गुलाब."

तमन्नानं डोळे मिचकावले आणि परत फुंकायला लागली.

"मी आत्ता तुला एक शब्द सांगितला. कोणता गं?"

"कधी?" तमन्ना म्हणाली.

अब्बांचं बोट अजून ओठांवरच होतं. पंखा बंद, दार बंद, त्या खोलीत एकही तार नव्हती. त्यांनी भिंतींकडं बघितलं, मग खिडकीकडं, मग वर छताकडं. ते कुठं काही वाजतंय का शोधत होते. मला त्यांच्याकडं बघवेना.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. ही एपिलेप्सी असावी असं दिसतंय, आपण जिला अपस्मार म्हणतो. तिचे पुष्कळ प्रकार असतात आणि सगळ्यांत माणूस पडतोच असं नाही. या प्रकारात मूल थोडा वेळ नुसतं हरवतं आणि परत येतं, म्हणून घरच्यांना वाटतं तंद्री लागली, शाळेत वाटतं लक्ष नाही. मेंदूचा आलेख काढला की खात्री होईल. औषधानं बहुतेक मुलांना चांगला गुण येतो, पण गोळी आपल्या मनानं कधी बंद करायची नाही. तोवर रस्ता, पाणी, गच्ची, शेगडी, इथं तिला एकटी सोडू नका, आणि ती नाटक करत नाही हे शाळेत जाऊन सांगा. मी रडत होते. भीती होतीच, पण कुणीतरी माझं ऐकलं होतं, याचंही ते रडू होतं.

आम्ही उठलो तरी अब्बा उठले नाहीत.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "त्या टायमाला तिला काय ऐकू येत असतंय?"

बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग मोठ्यानं, सावकाश म्हणाल्या, "काहीच नाही, चाचा. तेवढा वेळ ती इथं नसतेच."

"लांबचं काही?"

"लांबचंही नाही."

रिक्षात तमन्ना भिरभिरं बाहेर धरून बसली होती. मी तिचा दंड घट्ट पकडला होता. अब्बांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. बराच रस्ता गेल्यावर ते रस्त्याकडं बघतच बोलले.

"फैमिदा, मला ऐकू येत न्हाई आता. बोलल्यालं येतंय थोडं. जवारीचं न्हाई येत."

"ठाऊक आहे, अब्बा."

"तिचं तोंड बघून थांबत होतो मी." टोपीची कड चाचपत ते म्हणाले, "म्हंजे त्या सतारी कुणीच ऐकल्या न्हाईत."

मी त्यांचा हात हातात घेतला. सुनेनं सासऱ्याचा हात धरायची आमच्यात रीत नाही, तरी घेतला, आणि त्यांनी घेऊ दिला.

आलेखात डॉक्टरबाई म्हणाल्या तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस तमन्ना पेंगायची, जेवायला कुरकुरायची. मग हळूहळू ते थांबणं कमी झालं आणि नंतर मला दिसेनासंच झालं. पाढे अडखळल्याशिवाय म्हणायला लागली. पुढं काही वर्षांनी डॉक्टरबाईंनी स्वतःच गोळ्या कमी करत करत बंद केल्या. जमीरना ही गोष्ट घराबाहेर जायला नको होती. पण अब्बा काठी टेकत शाळेत गेले आणि बाईंना सांगून आले, की पोरगी आजारी होती, तिला कुणी मारायचं नाही. बर्फी वाटलेल्या घरांतही ते जाऊन आले. कान न्हवता, आजार होता, असं प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं. मी त्यांना अडवलं नाही. माझी पोर बरी होत होती, त्याचा मला आनंद मावत नव्हता, आणि तो आनंद त्यांच्यासमोर मला लपवावा लागत होता.

आता तमन्ना त्यांच्यासमोर बसायची ती चारचौघा पोरांसारखी. चुळबुळ करायची, मधेच उठून जायची. एकदा तिनं त्यांना विचारलं, "दादा, मला आता कान लागत नाही का?" आजोबांना ती दादा म्हणायची. ते म्हणाले, "न्हाई. लई ब्येस झालं."

गोळ्या अजून चालू होत्या तेव्हा धारवाडची ती सतार घरातच होती. अब्बांनी तिची घोडी काढून नवी बसवली आणि जवारी करायला घेतली. एका दुपारी मी आत पीठ मळत होते. पुढच्या खोलीतून कानशीचा आवाज येत होता. मग तार. मग परत कानस. मी मधे एकदा डोकावले. अब्बा एक कान सतारीला लावून बघत होते, मग मान वळवून दुसरा लावत होते. मांडीवर हाडाची पांढरी पूड साचली होती. समोर तमन्ना वही घेऊन अभ्यासाला बसली होती. मी परत आत आले. कानस, तार, कानस, तार, ते काही थांबेना. एवढं घासल्यावर घोडीत काही उरलं नसणार, हे माझ्यासारखीलाही कळत होतं. पण जाऊन सांगायचं कसं?

आणि एकदम आवाज थांबला.

मी बाहेर आले. तमन्ना पेन्सिल धरून बसली होती. डोळे समोरच्या भिंतीवर, अंग निश्चल. अब्बांची कानस हवेत, चेहरा पांढराफटक. पिठाच्या हातांनीच मी धावले, तिचे खांदे धरून हलवले, तिचं नाव घेऊन ओरडले. गोळी चुकली का, सकाळी दिली होती का, मला काही आठवेना.

तमन्नानं माझ्याकडं बघितलं, लगेच, अगदी भानावर.

"अम्मी, काही झालं नाही. मी मुद्दाम केलं."

"मुद्दाम? का गं?"

"दादा थांबतच नव्हते," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांचा हात दुखत असेल ना." मग अब्बांकडं वळून तिनं मोठ्यानं विचारलं, "दादा, आता लागली ना जवारी?"

अब्बा तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"लागली," ते म्हणाले. "पण बेटा, तू आता कधी थांबू नगंस. मीच थांबतो."

त्यांनी कानस पुसून माझ्या हातात दिली. सतार दुसऱ्या कारागिराकडून करून घ्यावी, असा धारवाडला निरोप द्यायचा होता. त्यांना फोनवर ऐकू येत नव्हतं, म्हणून तो मीच दिला. मी बोलत होते तेवढा वेळ ते समोर बसून माझ्या ओठांकडं बघत होते.